जीपचा व्हेंट पाइप

सासरा प्लंबर आणि जावई मेकॅनिक असला की त्या घरात कशावाचून काही अडत नसेल, असं लोकांना वाटतं. लोकांना काय, काहीही वाटतं. आमच्याकडे सकाळी पाण्याच्या टाकीवरून सुरू झालेलं भांडण संध्याकाळी टॉवेलवरच्या ग्रीसच्या डागांवर येऊन संपतं. मधल्या वेळात बायको दोघांनाही बाहेर घालवते.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं नळाची कामं केली. आता रिटायर झालेत, म्हणजे लोकांची कामं करत नाहीत, माझ्या कामात लक्ष घालतात. सासूबाई दोन वर्षांपासून नदीपलीकडच्या शुश्रूषा केंद्रात आहेत. त्यांना विसरण्याचा आजार आहे. आधी गॅस बंद करायला विसरायच्या, मग घराचा रस्ता विसरल्या, मग दोनदा रस्त्यावरून अनोळखी माणसांनी आणून सोडलं. बायकोनं जमेल तेवढं घरी निभावलं, शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की आता नाही जमायचं. तेव्हापासून सासरे रोज चार वाजता पूल ओलांडून चालत त्यांच्याकडे जायचे. वीस मिनिटांचा रस्ता. त्यांचे केस विंचरायचे, नखं कापायचे, घरच्या गोष्टी सांगायचे आणि पाचच्या ठोक्याला परत निघायचे. ताप असो, पाहुणे असोत, एक दिवस खाडा नाही.

मग पुलाचा एक खांब खचला. दोन्ही टोकांना पत्रे ठोकले आणि 'काम चालू आहे' अशी पाटी लावली. पाटी नियमित पुसली जायची, एवढंच काय ते काम चालू होतं. पलीकडे जायचं तर वरच्या अंगाच्या पुलावरून, दोन बस बदलून, जायला चार तास आणि यायला चार. रोजचं जाणं आठवड्यातून एकदा झालं. असे पाच महिने गेले.

एकदा ते जाऊन आले आणि जेवायला बसले. पहिला घास घेऊन म्हणाले, "आज तिनं मला विचारलं, कोण हवंय तुम्हाला."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. "मग हो बाबा?"

"मग काय. सांगितलं कोण ते. हो हो म्हणाली. पटलेलं दिसलं नाही." त्यांनी दुसरा घास घेतला. "सिस्टर म्हणाली, रोज दिसणारं माणूस टिकतं. आठवड्यानं दिसलं की पुसलं जातं. मीठ दे जरा."

बायको आत जाऊन रडली. मी मीठ दिलं. मला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, आणि सुचलं की ते चुकीचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये एका टेम्पोखाली पडलो होतो. डोक्याशी दोन पाय येऊन उभे राहिले. बाहेर येऊन बघतो तर सासरे. खांद्यावर तीन इंची पीव्हीसीचा अख्खा पाइप, हातात हॅक्सॉ.

"जावईबापू, तुमच्या जीपला स्नॉर्केल लावायचाय," ते म्हणाले.

हा शब्द त्यांना कुठून मिळाला देव जाणे. जीप माझीच, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला ठेवलेली. जुनी, डिझेलची, चारही चाकांना ताकद असलेली. आणि त्यांच्या डोक्यात काय आहे ते मला लगेच कळलं. पुलाच्या खालच्या अंगाला जुना उतार आहे, पूल नव्हता तेव्हा लोक तिथूनच नदी पार करायचे. तळाला दगड बसवलेले आहेत. वर बांध असल्यामुळे पाण्याला ओढ नाही, पण खोली जीपच्या बॉनेटइतकी. वीटभट्टीचा एक ट्रॅक्टर कधीमधी तिथून जातो. मागच्याच महिन्यात सासरे त्या ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून निघाले आणि मध्यावर पाण्यात पडले. पोहत पलीकडे गेले, तर मेट्रननं ओल्या कपड्यांनी आत घेतलं नाही. तेव्हापासून बायकोनं त्यांचं ट्रॅक्टरनं जाणं बंद केलं होतं.

"बाबा, पाण्यात जीप घालणं म्हणजे बाथरूममध्ये बादली सरकवणं नव्हे," मी म्हणालो. "इंजिन हवा ओढतं. हवेचं तोंड बॉनेटखाली आहे. तिथून पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबायला बघतो, पाणी काही दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. असं एक इंजिन मी उघडलंय. आठ दिवस जेवण गेलं नव्हतं."

"म्हणूनच म्हणतोय, हवेचं तोंड टपावर न्यायचं. बॉनेटमधून पाइप काढायचा, काचेच्या कडेनं वर चढवायचा. एवढंच ना?"

"एवढंच! त्याचे तयार किट येतात. या मॉडेलचं मागवायला लागेल. तीन महिने."

"तीन महिने," ते म्हणाले.  त्यांनी पाइप भिंतीला टेकवला आणि स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. मी पुन्हा टेम्पोखाली गेलो. पाच मिनिटांनी माझं मलाच कसंतरी झालं. बाहेर आलो आणि म्हणालो, "पाइप सायलेन्सरच्या बाजूनं नेलात तर वितळेल. डाव्या अंगानं घ्या."

झालं. त्यानंतरचे नऊ दिवस माझ्या गॅरेजमध्ये माझं काही चाललं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी डाव्या मडगार्डवर गोल आखला. मी म्हणालो भोक मी पाडतो. ते म्हणाले, भोकं पाडण्यात हयात गेली माझी. भोक खरंच सुरेख पडलं, मला मान्य करावं लागलं. मग त्यांनी पाइप उभा केला, पिशवीतून ओळंबा काढला, दोरी टपाशी धरली आणि डोळा बारीक करून पाइप दोरीच्या रेषेत आणला. क्लिपा आवळल्या. सोल्यूशन लावून वळणाचा एल्बो पक्का केला. जॉइंट असा की बघत राहावं.

आता, माझ्या गॅरेजची फरशी डावीकडे उतरती आहे, गाड्या धुतलेलं पाणी गटारात जावं म्हणून. मी जीप बाहेर सपाट रस्त्यावर काढली. पाइप टपाकडे चांगला झुकला होता, आत कोण बसलंय ते डोकावून बघावं तसा.

"बाबा, वाकडा आहे."

"ओळंब्यात आहे," ते म्हणाले. "रस्ता वाकडा असेल."

पाइपच्या वरच्या तोंडाला त्यांनी टोपी बसवली. ती कुठली ते सांगायची गरज नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखू येत होती. प्रत्येक इमारतीच्या मागं, संडासाच्या व्हेंट पाइपवर असते तीच. समोरचा शिंपी सकाळी दुकान उघडायच्या आधी आमच्याकडे येऊन विचारायचा, "फ्लश कुठं बसवणार?" पहिल्या दिवशी मी हसलो. चौथ्या दिवशी मी त्याला पाना दाखवला.

सातव्या दिवशी चाचणी. चाचणी सोपी असते. इंजिन चालू करायचं आणि पाइपचं वरचं तोंड तळहातानं बंद करायचं. हवा दुसरीकडून कुठूनही आत येत नसेल तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर कुठंतरी फट आहे, आणि जिथून हवा येते तिथून उद्या पाणी येणार. सासरे स्टुलावर चढले, टोपी काढली आणि हात दाबून धरला. इंजिन आरामात चालू राहिलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सात दिवसांचं साठलेलं होतं. "गळतंय बाबा. तुमचा जॉइंट गळतोय."

"माझा जॉइंट?" ते स्टुलावरून उतरले. चेहरा असा की जणू मी त्यांचा बापच काढला. त्यांनी बादलीत साबणाचा फेस केला आणि एकेका जॉइंटला ब्रशनं फेस लावत गेले. चालू इंजिन फटीतून फेस आत ओढतं. एकाही जॉइंटवरचा फेस हलला नाही. मग त्यांनी शांतपणे माझ्या एअर फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला फेस लावला. फेस सुर्रकन आत गेला.

झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. ते बदलायचं काम माझं. गेल्या वर्षीपासून मी ते उद्यावर टाकत होतो.

सासऱ्यांनी ब्रश बादलीत टाकला. माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं. मी नवं रबर बसवलं. त्यांनी पुन्हा वर चढून हात दाबला. इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. आम्ही दोघंही ओरडलो. मी चक्क त्यांना मिठी मारली. डबा घेऊन आलेली बायको दारात उभी होती. "गाडी बंद पडली म्हणून नाचताय?" ती म्हणाली. "दोघंही?"

त्या रबराच्या प्रकरणामुळे मी जरा तोंड पाडून होतो. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलच्या हवेच्या भोकांना नळ्या जोडून त्या वर बांधणं, पाण्यात पंखा फिरू नये म्हणून त्याचा पट्टा काढायची सोय करणं, ही माझी कामं मी मुकाट्यानं केली. त्यांच्या पाइपचा बॅटरीमागचा भाग कसा वळवलाय ते मी बघितलंच नाही. बघायला हवं होतं.

दहाव्या दिवशी निघायचं ठरलं. सासऱ्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या आधी गॅरेजवर जाऊन जीप धुतली. सासूबाईंकडे पहिल्यांदा गाडीतून जायचं म्हणून टपापासून चाकापर्यंत, पाण्याच्या जोरदार पाइपनं, खालून, वरून, सगळीकडून. जीप इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. तीन वाजता आम्ही निघालो. बायको फाटकाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "आईला सांगा मी विचारलंय." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आणि बाबांना काही झालं तर घरी येऊ नका."

नदीच्या काठावर पोचेपर्यंत इंजिन गुळण्या करायला लागलं. खरंच, गळगळ गळगळ असा आवाज, आणि दम लागल्यासारखी मधेच ओढ कमी.  पाण्यात चाकसुद्धा घातलं नव्हतं आणि इंजिन पाणी पीत होतं. मी जीप थांबवली, बॉनेट उघडलं, बॅटरीमागं हात घातला. आणि थांबलो.

पाइप तिथं सरळ फिल्टरकडे जात नव्हता. बेसिनखालच्या पाइपासारखा खाली वळून, पुन्हा वर येऊन मग जात होता.

"बाबा. हे काय आहे?"

"ट्रॅप."

"ट्रॅप कशासाठी?"

"वास येऊ नये म्हणून."

मी त्यांच्याकडे बघितलं. नदीकडे बघितलं. "कसला वास? कुणाला? इंजिनाला?"

यावर त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, मला दिसत होतं. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत ट्रॅपशिवाय संडासाचा पाइप माझ्या हातून गेलेला नाही. हात आपोआप वळला असेल."

मी जे काही बोललो ते इथं सांगत नाही. थोडक्यात, अक्कल हा विषय होता. आपण परत जातोय, मी म्हणालो, हे कापून सरळ पाइप घालू, उद्या येऊ. सासऱ्यांनी घड्याळ बघितलं. तीन वीस झाले होते.

"उद्या नको," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "आठवडा होऊन वर तीन दिवस झालेत. पाइप करायच्या नादात मी या वेळची बससुद्धा सोडली. उद्यापर्यंत काय शिल्लक राहील, कुणाला माहीत? अहो, मागच्या खेपेला तिनं मला अहो-जाहो केलं. मला! आयुष्यभर जी मला अरे म्हणत आली ती!"

ते वाकले, ट्रॅपच्या तळाशी असलेला छोटा प्लग त्यांनी दोन बोटांनी फिरवला, आणि कपभर पाणी मातीत सांडलं. सकाळी टोपीखालून शिरलेलं. त्यांनी प्लग पुन्हा घट्ट केला.

"हे पाणी ट्रॅपमध्ये थांबलं," ते हळूच म्हणाले. "ट्रॅप नसता तर थेट तुमच्या फिल्टरमध्ये गेलं असतं."

 ते खरं होतं आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं. मी इंजिन चालू केलं. गुळण्या बंद झाल्या होत्या. पंख्याचा पट्टा काढला, चारही चाकांची ताकद जोडली, पहिला गिअर टाकला आणि जीप पाण्यात घातली.

अशा वेळी एकच नियम असतो, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलवायचा नाही. कमी नाही, जास्त नाही. आधी चाकं गेली, मग बंपर, मग हेडलाइट. दारांच्या फटींतून पाणी आत आलं. सासऱ्यांनी बूट काढून मांडीवर घेतले होते आणि मोजे बुटांत. पाणी त्यांच्या नडग्यांपर्यंत चढलं. बॉनेट दिसेनासं झालं, समोर नुसती नदी आणि डाव्या कडेला तो करडा पाइप. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून पाइपला लावला होता.

"ओढतोय," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "ओढतोय."

मधल्या टप्प्यात तळाचे दगड डावीकडे खचलेत. जीप तिथं एकदम कलली. सासऱ्यांनी वर मान करून बघितलं. "आता बघा," ते म्हणाले, "ओळंब्यात आहे की नाही." मी बघितलं नाही. माझा पाय हलवायचा नव्हता. मग बॉनेट वर आलं, पाणी दोन्ही बाजूंनी ओघळलं, आणि चाकांनी पलीकडची माती धरली. माझा शर्ट घामानं चिंब झाला होता. सासरे मोजे घालत होते.

चारला दहा कमी असताना आम्ही केंद्राच्या दारात होतो. मेट्रननं आधी आमच्या पँटी बघितल्या, मग खिडकीतून जीप बघितली, मग पाइप आणि टोपी. तिनं दोन टॉवेल दिले.

सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. आधीपेक्षा बारीक झालेल्या. सासरे दारात थांबले, केसांवरून हात फिरवला आणि आत गेले. मी दाराशीच राहिलो.

"या," सासूबाई म्हणाल्या. "कोण हवंय तुम्हाला?"

मला वाटलं, मेलो. नदी, पाइप, दहा दिवस, सगळं पाण्यात गेलं. सासऱ्यांनी नमस्कार केला.

"तुम्हालाच भेटायला आलोय," ते म्हणाले.

"बसा की. पण फार वेळ नाही हं बसता यायचं. आमचे हे येतील आता."

सासरे स्टुलावर बसले. "रोज येतात का?"

"रोज म्हणजे रोज."

"नाही, म्हटलं, पूल बंद आहे ना. मधे पाच महिने आले नसतील."

सासूबाई अशा काही तडकल्या की बाहेरची सिस्टर डोकावली. "कोण म्हणालं तुम्हाला? काहीतरीच काय बोलता! एक दिवस चुकवला नाही त्यानं. काल आला होता, परवा आला होता. माझे केस विंचरून गेला. विचारा इथं कुणालाही!"

सासऱ्यांनी खाली बघितलं. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं, लपवायला जागा नव्हती, म्हणून तिथंच रडलो.

"चुकलं माझं," सासरे म्हणाले. "माहीत नव्हतं मला. ते येईपर्यंत तुमची नखं कापून देऊ? वाढलीत."

सासूबाईंनी त्यांना एकदा नीट निरखलं. अनोळखी माणसाकडे देतात तसा जरा अवघडून हात पुढं केला. त्यांनी खिशातून नेलकटर काढलं आणि दहाही बोटांची नखं सावकाश कापली. मधेच मुलीनं विचारलंय म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का? शहाणी आहे ती." पाच वाजले तेव्हा त्या जरा दाराकडे बघत होत्या. वाट बघत होत्या. सासरे उठले, येतो म्हणाले.

बाहेर पायरीवर बसून ते बुटाची नाडी बांधत होते. मला सुचलं, आणि नेहमीसारखं चुकीचं सुचलं. मी म्हणालो, "बाबा, त्यांच्या लेखी तुम्ही रोज येतच आहात. आलात काय, नाही आलात काय, त्यांना तेच. मग एवढा जीव धोक्यात घालून रोज रोज..."

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

"ती इथं सगळ्यांना सांगते ना, मी रोज येतो म्हणून?"

"हो."

"मग तिला खोटं पाडू का मी?" ते उठले आणि जीपकडे चालायला लागले. "उद्यापण तीनलाच निघू."